ज्यांना मी एकदा श्रद्धांजली वाहिली, ते सावळेश्वरकर सर

गुरुवर्य श्री. मुरलीधरराव सावळेश्वरकर सरांचा आणि माझा पहिला परिचय युसूफ वडगावच्या आमच्या शाळेत, पत्र्याच्या सभागृहात झाला. मी गणिताचा नवा शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. हातात नेमणुकीचं पत्र होतं, अंगात नवा सदरा होता. आत सर स्नेहसंमेलनासाठी शिक्षकांच्या नाटकाची तालीम घेत होते. त्यांनी पत्राकडे पाहिलंच नाही. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून ते म्हणाले, "उंची बरी हाय. तिथं खांबापाशी उभे राहा. तुमी पाटलाचे गडी."

"मला बोलायचं काय आहे?" मी विचारलं.

"काही न्हाई. ऐकायचं."

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी ते काम माझ्या मते उत्तम केलं. सगळा वेळ ताठ उभा होतो. नाटक संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. "भास्करराव, तुमी ऐकलं न्हाईत. आपली पाळी कधी येते याची वाट बघत होतात. पाळी नव्हतीच की." ते बोलणं मला झोंबलं. पुढे पंचवीसेक वर्षांनी ते पुन्हा झोंबलं, आणि या लेखात मला मुख्यतः त्या दुसऱ्या वेळेविषयीच सांगायचं आहे. गौरवग्रंथात लेखकाने स्वतःविषयी फार बोलू नये हे मला कळतं. पण माझी लाज बाजूला ठेवून सरांविषयी खरं लिहिणं मला जमणार नाही.

सर मराठी शिकवत. शिकवत म्हणजे वाचून दाखवत. कुठे थांबायचं हे त्यांना इतकं नेमकं कळे, की शेजारच्या वर्गात मी फळ्यावर समीकरण मांडत असलो तरी ते थांबले की माझा खडू थांबे. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. मला विषमज्वर झाला तेव्हा सरांनी मला खोलीवरून उचलून आपल्या घरी नेलं. सुमनकाकूंनी तीन आठवडे मऊ भात शिजवला. शाळेत माझे तास सरांनी घेतले, आणि नववीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला गणित येत न्हाई. तुमाला जेवढं येतं तेवढं मला शिकवा." मी परतलो तेव्हा वर्गातला एकेक विद्यार्थी फळ्यापाशी येऊन मास्तरांसारखा बोलत होता. माझ्या शिकवण्याने तसं कधी झालं नव्हतं.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खांद्यावर शाल मी घातली. त्या क्षणाचा फोटो शाळेत आहे, सरांच्या घरीही आहे. सर हसत आहेत आणि शालीच्या टोकाशी माझा हात आहे. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायची मला सवय, त्यामुळे तो हात कुणीही ओळखावा. या फोटोची पुढे गरज पडणार आहे.

निवृत्तीनंतर सरांनी घाटनांदूरला घर बांधलं. तिथे रेल्वे आहे एवढंच त्याचं कारण. त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत मालिकांच्या कपडेपटात कामाला होता. एका रोजच्या मालिकेत म्हाताऱ्या गड्याचं काम करायला कुणी मिळेना, तेव्हा त्याने सरांचं नाव सुचवलं. सर गाडीत बसले आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी दाजीबा झाले. हा दाजीबा एका श्रीमंत घराण्यात तीन पिढ्यांपासून चाकरीला असलेला माणूस. तो चहाचा ट्रे आणायचा, दार उघडायचा आणि खांबापाशी उभा राहायचा.

आता खरं सांगायला सुरुवात करतो. मी तोपर्यंत मुख्याध्यापक झालो होतो, आणि मुख्याध्यापकाने मालिका पाहू नयेत असं माझं ठाम मत होतं. मत ठाम होतं, पाहणं चालूच होतं. घरी कुणी आलं की मी रिमोट दाबून बातम्या लावत असे. त्या मालिकेतलं एकही भांडण मी चुकवलेलं नाही. त्या घरात पंधरा माणसं, पण कामाला कुणी जात नाही. बायका गळ्यात हार घालून झोपतात. गुपित सांगायचं असलं की दिवाणखान्याच्या मधोमध, दार सताड उघडं टाकून, मोठ्याने सांगायचं, आणि ते ऐकायला कुणीतरी पडद्यामागे हजर. आमच्याकडे साधी सोयरीक जमवायची तर लोक गोठ्यात जाऊन कुजबुजतात! एकीने दुसरीला थोबाडीत मारली की बाकीच्या तेरा जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात. त्या तेरा चेहऱ्यांत बारा चेहरे आपल्यावर कॅमेरा कधी येतो याची वाट बघत असत. तेरावा दाजीबाचा. तो मात्र ऐकत असे. थोबाडीत बसली की त्याच्या हातातला ट्रे केसभर खाली येई. मी घरात एकटा असलो की त्या ट्रेकडेच पाहत असे.

हे मी कुणाला सांगितलं का? नाही. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, "सरांनी जन्मभर आपल्याला ताठ उभं राहायला शिकवलं, आणि आता स्वतः ट्रे घेऊन उभे आहेत." लोक खूप हसले. लोक हसले म्हणून मी ते वाक्य आणखी दोन ठिकाणी वापरलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कडा गावी, एका लग्नात शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं, "ते टीव्हीवरले दाजीबा तुमच्याच शाळेतले का हो?" मी पत्रावळीकडे बघत म्हणालो, "असतील कुणी. आडनावं सारखी असतात." ज्यांच्या घरचा मऊ भात तीन आठवडे खाल्ला, त्यांच्याविषयी मी हे बोललो.

सुरुवातीला सर मुंबईहून फोन करत. "बघितलं का काल?" "वेळ नाही मिळाला सर." दोन-तीनदा हेच उत्तर मिळाल्यावर त्यांनी विचारणं सोडलं. मग ते माझ्या मुलांची चौकशी करत, शाळेतल्या चिंचेच्या झाडाची चौकशी करत. एकदा मात्र मालिकेतल्या धाकट्या सुनेविषयी बोलले. ती त्या घरातली कपटी बाई. तिचा राग साऱ्या महाराष्ट्राला, आमच्या गल्लीला तर जास्तच. सर म्हणाले, "त्या पोरीला बाजारात बाया शिव्या घालतात रे. दिवसभर उंच टाचांवर उभी असते, टाचांना भेगा पडल्यात. मी तिला घाटनांदूरला घरी घेऊन आलतो. काकूनं तिच्या पायाला कोकम तेल लावून दिलं." मी "बरं बरं" म्हणालो आणि तपासणीचं निमित्त सांगून फोन ठेवला. पुढे फोन कमी झाले. त्यांचे नव्हेत, मीच ते उचलणं कमी केलं. जिची सारे लोक नालस्ती करत होते तिला सरांनी घरी नेलं, आणि मी, ज्याला त्यांनी घरी नेलं होतं, त्यांचीच नालस्ती करत फिरत होतो.

एक दिवस सकाळी शाळेच्या मोबाइल गटावर एक फोटो आला. सरांचा फोटो, त्याला हार, पुढे समई. खाली कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलेलं, दुसरं काही नाही. मला ते खरंच वाटलं. कारण तो निवृत्तीचाच फोटो होता, शाळेतला. हाराच्या कडेला शालीचं टोक होतं आणि शालीवर माझा हात होता, घड्याळ आत वळवलेलं. मालिकेतल्या मरणाला कुणी हा फोटो लावला नसता. हा तर घरातला फोटो. मी सरांना फोन लावला, तो बंद. चित्रीकरणाच्या वेळी फोन बंद ठेवावा लागतो हे सरांनी मला पूर्वी सांगितलं होतं. ते आठवलं नाही, कारण तेव्हा मी ऐकलंच नव्हतं.

काकूंना फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता. पण दोन वर्षं ज्यांना दिवाळीचाही फोन केला नाही, त्यांना कोणत्या तोंडाने विचारणार, की सर गेले हे खरं का? आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सोयऱ्यांचा कार्यक्रम होता, म्हणून मालिका बघायची राहिली होती. एखाद्याला विचारलं असतं तरी उलगडा झाला असता. पण मी मालिका पाहत नाही हे मीच गावभर सांगून ठेवलेलं. विचारणार कसं?

म्हणून मी लिहिलं. 'शिक्षणक्षेत्रातील दीपस्तंभ हरपला' असं लिहून, खाली माझं नाव आणि 'मुख्याध्यापक' असा हुद्दा टाकून, चार गटांवर पाठवलं. परिपाठाच्या वेळी मैदानात शोकसभा घेतली. मी बोलायला उभा राहिलो आणि मला सुरेख भाषण सुचत गेलं. "गेल्याच महिन्यात मी त्यांना घाटनांदूरला भेटलो. त्यांनी माझा हात हातात घेतला," असं मी म्हणालो. "त्यांच्या अभिनयाचा मला केवढा अभिमान! कड्यापासून परळीपर्यंत जो भेटेल त्याला मी सांगत असे, हे आमचे सर," असंही म्हणालो. शिक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि ते खरं होतं, हेच जास्त वाईट.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या कौसाबाई स्वयंपाकखोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या मधेच म्हणाल्या, "सर, आवो ते मालिकेतलं हाय. धाकल्या सुनंनं दुधातून इख दिलं दाजीबाला. काल समद्यांनी बघितलं की."

मी डोळे पुसत म्हणालो, "कौसाबाई, ही काय वेळ आहे का?"

"आवो पर मी काय म्हनते..."

"आधी खिचडी बघा."

त्या आत गेल्या. मी दोन मिनिटं मौन पाळायला लावलं आणि शाळेला सुट्टी दिली. पोरं दुःखाने चालत फाटकापर्यंत गेली आणि तिथून पळत सुटली.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे, आणि आमच्या भागात लोक अजून हसतात. पुढचं हसण्यासारखं नाही. घाटनांदूरला आदल्या संध्याकाळी वीज नव्हती, काकूंनी मालिका पाहिली नव्हती. गोष्ट बाहेर सांगायची नाही असा मालिकावाल्यांचा नियम, म्हणून सरांनी दाजीबा मरणार हे घरातही सांगितलं नव्हतं. सकाळी शेजारणी रडत घरात शिरल्या. काकू म्हणाल्या, काहीतरीच काय. तेव्हा एकीने मोबाइल पुढे केला. माझं नाव, माझा हुद्दा. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "भास्करनं लिवलंय म्हंजी खरं असंल. तो असं उगंच लिवायचा न्हाई."

त्यांना भिंतीशी बसवलं. सरांचा फोन बंदच होता. जवळजवळ तासभर त्या तशा बसून होत्या. त्या तासाविषयी मला पुढे जे कळलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही. एक म्हातारी त्यांच्या बांगड्यांना हात घालू लागली आणि काकूंनी हात मागे घेतला, एवढंच लिहितो.

फोन आला तो धाकट्या सुनेचा. मालिकेत मेलेला माणूस लगेच कामावरून सुटत नाही; त्याच्या आठवणी दाखवाव्या लागतात. सर त्या दिवशी तेच करायला गेले होते. त्या मुलीच्या फोनवर कुठूनतरी माझी श्रद्धांजली पोचली. ती वाचून ती मेकअप अर्धा टाकून धावली. सर बाकावर बसून पोहे खात होते. तिने तिथूनच काकूंना फोन लावला. "काकू, सर माझ्यासमोर बसलेत. घ्या, बोला." जिने त्यांना विष दिलं म्हणून माझ्या गल्लीतल्या बाया बोटं मोडत होत्या, तिनेच काकूंचा जीव परत आणला. घालवला होता तो मी.

दुपारी मला सरांचा फोन आला. "भास्कर, मी बोलतोय." मी भांबावून विचारलं, "कुठून सर?" ते हसले. नंतर म्हणाले, "काकूला एक फोन कर." मी केला नाही. धीर झाला नाही.

घाटनांदूरला जायला मी तीन आठवडे लावले. दार काकूंनी उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"या. लई वर्सांनी आलात. तुमी कुनी गेल्याबिगर येत न्हाई का?"

मी खाली वाकलो. पायांवरून डोकं उचलवेना. काकू म्हणाल्या, "उठा आता. च्या टाकते." क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, अजूनही म्हणालेल्या नाहीत. पण चहात साखर कमी घातली होती. मला कमी लागते हे त्यांच्या लक्षात होतं.

सर आतून मोबाइल घेऊन आले. आमच्या एका शिक्षकाने माझं भाषण चित्रित केलं होतं, ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलं होतं. "बस," म्हणाले, "आपण बघू." मी नको नको म्हणत होतो. स्वतःच्या शोकसभेचं भाषण सरांनी माझ्या शेजारी बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मान हलवत ऐकलं. मधे थांबवून म्हणाले, "इथं 'पोकळी' म्हणालास ना, त्याच्याआधी थांबायला पायजे होतं. घाई केलीस." मग ते वाक्य आलं, गेल्या महिन्यात भेटल्याचं. सरांनी पुन्हा थांबवलं.

"गेल्या महिन्यात तू आलतास?"

"नाही सर."

"मी हात हातात घेतलता?"

"नाही सर."

"आन् कड्यापासून परळीपर्यंत?"

मग मी कड्याच्या लग्नातलं सांगितलं. ट्रेचं वाक्यही सांगितलं, तीन ठिकाणी वापरलेलं. चोरून मालिका बघत होतो तेही सांगितलं. हे सांगताना मला रडू आवरलं नाही. सर एका शब्दानेही मधे बोलले नाहीत. दाजीबा ऐकायचा तसे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हंजी तो ट्रे दिसायचा तुला?"

"रोज दिसायचा सर."

"बरं झालं. मला वाटलं, कुनालाच दिसत न्हाई."

एवढं ऐकायला त्यांना दाजीबा झाल्यापासून सात वर्षं लागली होती. ते सांगण्यासाठी मला एक फोन उचलायचा होता, बाकी काही नाही.

निघताना मी विचारलं, "सर, घरात इतके फोटो असताना हाराला तुम्ही नेमका तोच कशाला दिलात? त्याच्यामुळेच मी फसलो." सर चप्पल शोधायच्या निमित्ताने वळले. उत्तर काकूंनी दिलं. "मालिकेवाले म्हनले, घरून एक फोटू आना. कशाला ते ह्यांनी मला सांगितलं न्हाई. मी म्हनलं, दुसरा द्या, ह्याच्यात मास्तरचा हात आलाय. तर हे म्हनले, न्हाई, हाच द्यायचा. हात दिसला की भास्कर ओळखंल, मग तरी बघंल."

वाचकहो, मी तो हात ओळखला आणि काय केलं ते तुम्ही वाचलंच आहे.

समितीने या ग्रंथासाठी लेख मागितला तेव्हा मी नाही म्हटलं होतं. माझ्याहून लायक शंभर विद्यार्थी आहेत. सरांनीच समितीला निरोप दिला, "त्याच्याकडूनच घ्या. त्याचं भाषण तयारच हाय. खोटं तेवढं काढायला सांगा." खोटं काढल्यावर जे उरलं ते इथे दिलं आहे.

सरांची ती मालिका संपली. आता दुसऱ्या एका मालिकेत ते देवळातल्या म्हाताऱ्याचं काम करतात, आणि तिथेही त्यांना फारसं बोलायचं नसतं. मी ती शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर बघतो. कौसाबाई शेजारी बसतात. काही कळलं नाही की मी त्यांना विचारतो, आणि त्या सांगतात ते पूर्ण ऐकतो.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे धड राहोत, आवाज असाच राहो, रेल्वेत त्यांना खालची बर्थ मिळत राहो. काकूंच्या हातातल्या बांगड्या वाजत राहोत. सरांसाठी माझ्याकडे जे शोकभाषण होतं ते मी करून बसलो आहे. दुसरं करण्याची वेळ परमेश्वराने माझ्यावर आणू नये, माझी ती लायकीही नाही. काकू, येत्या रविवारी सकाळच्या गाडीने घाटनांदूरला येतो आहे. कुणी गेलेलं नाही. सहजच येतो आहे.